गल्लीच्या चाब्या

निवृत्तीच्या समारंभात मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्या वस्तूच्या नावानं मी उभी हयात ड्रायव्हर-कंडक्टरांच्या अंगावर ओरडलो, तीच माझ्या हातात देऊन लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर ते घड्याळ समोरच्या खोलीत लावलं आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलो. बसलो तो जवळजवळ वर्षभर बसलो.

मी बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. गावात मला नावानं फारसं कोणी ओळखत नाही, कंट्रोलर म्हणूनच ओळखतात. काचेच्या खिडकीमागे बसायचं, आलेल्या गाडीची वेळ लिहून घ्यायची, उशीर का झाला ते विचारायचं आणि भोंग्यातून सांगायचं, की जानेफळकडे जाणारी गाडी अमुक फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी जागा धरण्यासाठी खिडकीतून पिशव्या टाकू नयेत. पिशव्या पडायच्याच. पण माझा आवाज पार भाजीबाजारापर्यंत जायचा आणि भाजी विकणाऱ्या बाया त्यावर घरी निघायची वेळ धरायच्या. असा माणूस एकदम घरी बसला की काय होतं, ते माझ्या बायकोला विचारा.

दूध उतू जायच्या आधीच मी स्वयंपाकघराच्या दारात हजर असायचो. कुकरच्या शिट्ट्या मोजायचो. दूधवाला उशिरा आला तर त्याच्याकडून कारण घ्यायचो. एक दिवस बायको लाटणं हातात तसंच धरून म्हणाली, "अवो, हा काही तुमचा फलाट नोहे, माह्यं सैपाकघर हाय. जा ना जरासे बाहीर!"

बाहेर कुठे जाणार? बसस्टँडवरच गेलो. नवा कंट्रोलर तरुण, स्वभावानं चांगला. त्यानं आत बोलावलं, भिंतीला लावून खुर्ची दिली, चहा मागवला. पाहुण्याचं करतात तसं सगळं केलं. मी तिथे बसून त्याच्या हातातल्या माइककडे बघत राहिलो. गाडी लागली की माझा घसा आपोआप साफ व्हायचा. काही दिवस असा गेलो. मग एकदा मला दारात बघून त्याच्या कपाळावर बारीकशी आठी पडली, ती मला दिसली. त्यानंतर मी जाणं बंद केलं.

पुढचे महिने मला धड आठवतही नाहीत. दाढी वाढायची. ताट समोर आलं की जेवायचं, उचललं की उठायचं. डॉक्टर म्हणाले, फिरायला जा, कशात तरी मन रमवा. मन रमवायचं दुकान कुठे आहे ते काही त्यांनी सांगितलं नाही. मी चिडायचंही सोडलं. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या करत राहिला आणि मी काहीच बोललो नाही, त्या दिवशी बायको खरी घाबरली.

आमच्या गावात नळाला पाणी रोज येत नाही. आठ दिवसांनी येतं, उन्हाळ्यात दहा-बारा दिवसही लागतात, आणि सकाळी येईल की भर दुपारी, ते कोणालाच सांगता येत नाही. आलं की तास-दीड तास. तेवढ्यात जमिनीतली टाकी, ड्रम, हंडे, गंज-पातेली, जे हाताशी असेल ते भरून घ्यायचं. हुकलं तर पुढच्या पाण्यापर्यंत टँकर, नाहीतर शेजाऱ्यांची मेहेरबानी. घरातली सगळी माणसं कामावर जात असतील तर त्या घराचे हाल विचारू नका.

आमच्या समोरच्या घरात एक नर्स राहते. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणते. नवरा बाहेरगावी नोकरीला, घरात ती आणि तिच्या सासूबाई. सासूबाईंचा एक पाय कायम जानेफळकडच्या शेतावर. एका सकाळी सिस्टर ड्युटीवर निघताना आमच्या दारात थांबली आणि म्हणाली, "काका, आज पानी येते म्हंतात. आमच्या घरी कोनीच नाही. तुमी घरीच असता न?"

घरीच असता न! तिच्या मनात काही नव्हतं, पण मला ते जिव्हारी लागलं. इतकी वर्षं आख्ख्या तालुक्याला वेळेवर घरी पोचवणारा मी, आणि आता माझी ओळख काय, तर घरी असतो. मी काही रिकामटेकडा नाही, असं सांगायला तोंड उघडलं. पण मी रिकामटेकडाच होतो, त्यामुळे ते वाक्य काही बाहेर आलं नाही. हात पुढे केला आणि तोंड वाकडं करून चाबी घेतली.

पाणी दुपारी आलं. मी समोरचं दार उघडलं, नळीचं तोंड टाकीत सोडलं, टाकी भरल्यावर अंगणातले ड्रम भरले, हंडे भरले, कुलूप लावून घरी आलो. संध्याकाळी सिस्टर आली. ड्रमवरचं फडकं उचलून बघितलं आणि तिथेच पायरीवर बसली. "बाप्पा, टाकीबी भरली!" एवढंच म्हणाली, पण अशी म्हणाली, की दिवसभराचा शीण तिथेच उतरला असावा. त्या रात्री मी एक पोळी मागून घेतली. बायकोनं तव्यावरची गरम वाढली.

दुसरी चाबी गादीवाल्या चाचांची. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं कापूस पिंजून गाद्या भरायचं दुकान आहे आणि घर आमच्या शेजारी. दिवसभर दोघं नवरा-बायको दुकानात. ते थेट चाबी घेऊनच आले. "कंट्रोलर साब, सिस्टरचं पानी भरता, मंग आमी काय गुनाह केला?" मग कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईंची चाबी आली, त्यांचं बघून पलीकडच्यांची आली. बायकोनं त्या घड्याळाखाली ओळीनं खिळे ठोकून दिले आणि बघता बघता गल्लीतल्या बहुतेक घरांच्या चाब्या तिथे लटकू लागल्या.

आता माझा दिवस सकाळी दाढीनं सुरू होऊ लागला. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते आणि नळ फुसफुसतो. तो आवाज ऐकू यावा म्हणून आमच्या अंगणातला नळ मी उघडाच ठेवायचो. फुसफुसला की चाब्यांचा जुडगा उचलायचा, पायजमा वर खोचायचा आणि ओट्यावरून आवाज द्यायचा, "पाणी आलं होऽऽ!" भोंगा लागत नव्हता. मग इकडची टाकी लावून तिकडे, तिकडचा ड्रम बदलून पुन्हा इकडे. कोणाचा नळ उलटा फिरतो, कोणाची नळी मधेच फाटलेली आहे, कोणाचं कुत्रं नुसतंच भुंकतं आणि कोणाचं खरंच चावतं, सगळं मला पाठ झालं. गुडघे कुरकुरायचे, पण मी त्यांचं ऐकून घेत नव्हतो. खरं सांगतो, पगार घेत होतो तेव्हाही माझा इतका रुबाब नव्हता.

आणि मग गेल्या उन्हाळ्यात मी तो पराक्रम केला.

चैत्र संपत आला होता. आमच्याकडे हे दिवस कुरडयांचे. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजत घालावा लागतो आणि रोज त्याचं पाणी बदलावं लागतं. पिण्याच्या पाण्याचीच मारामार, तिथे गव्हाला कुठून घालणार? त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या बायका अडून बसल्या होत्या. पाणी आलं की गहू भिजवू, असं जी ती म्हणत होती. माझी बायकोही म्हणत होती.

त्या दिवशी सिस्टर ड्युटीवर होती आणि सासूबाई सकाळच्या गाडीनं रोहिणखेडला नातेवाइकांकडे गेल्या होत्या, त्याच दिवशी परतणार होत्या. अकराच्या सुमारास नळ फुसफुसला. मी पळालो. समोरचं घर उघडलं, टाकी लावली, चाचांकडे जाऊन आलो, मग समोरच्या अंगणातल्या ड्रमांकडे वळलो. भिंतीला लावून निळे ड्रम उभे, प्रत्येकाच्या तोंडावर सासूबाईंनी बांधलेलं पांढरं फडकं. माझी रीत ठरलेली. फडक्याची कड उचलायची, नळी आत सारायची, ड्रम भरला की पुढच्यात. त्या दिवशी रांगेत एक ड्रम जास्त होता, ते मला दिसलं नाही. खरं म्हणजे दिसलं. बरं झालं, नवा ड्रम घेतला, असं मी मनात म्हणालोसुद्धा. शेवटच्या ड्रममध्ये नळी सारून मी मास्तरीणबाईंकडे गेलो.

परत आलो तेव्हा ड्रम भरून वाहत होता आणि अंगणातल्या पाण्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला तरंगत होता. ड्रममध्ये कडुनिंबाचा पाला कशाला, असा विचार करत मी फडकं काढलं आणि आत हात घातला. हाताला गहू लागला.

वर्षाचा गहू होता तो. शेतातून आणलेला, निवडलेला, उन्हात वाळवलेला. जुनी पत्र्याची कोठी गंजली म्हणून सासूबाईंनी नवा ड्रम घेतला होता आणि तापलेला गहू निवावा म्हणून झाकण न लावता वर नुसतं फडकं बांधून अंगणातच ठेवला होता. कीड लागू नये म्हणून मधे मधे पाला घातलेला. ड्रम निम्म्याच्या वर गव्हानं भरलेला, आणि बाकीचा मी भरला.

मी नळ बंद केला आणि बायकोला हाक मारली. ती आली, तिनं ड्रममध्ये बघितलं आणि डोक्याला हात लावला. "काहो, फडकं उचलून पाह्याले काय झालतं तुमाले?" मी म्हणालो, गच्चीवर वाळवून टाकू. ती म्हणाली, "वाळवून? अशा गव्हाची पोयी होत नाही, काळी लापशी होते. अन् ह्या उन्हात आतला गहू वाळेपर्यंत आंबून जाईन." तेवढ्यात चाचाही दुकानातून आले. त्यांनी ड्रममध्ये डोकावलं, माझ्याकडे बघितलं आणि "या अल्ला" म्हणाले.

सासूबाईंच्या जिभेला सगळी गल्ली वचकून असते. पण मला शिव्यांची भीती नव्हती; शिव्या मी बसस्टँडवर पोत्यानं खाल्ल्या आहेत. मला भीती होती ती खिळ्यांची. आज ह्यांनी चाबी काढून नेली, की उद्या दुसरे नेतील. ज्याला पाण्याचा ड्रम आणि गव्हाचा ड्रम कळत नाही, त्याच्या हाती घर कोण देईल? मग ते घड्याळ आणि ती खुर्ची आणि मी.

रोहिणखेडकडची गाडी कधी येते ते मला कोणाला विचारायची गरज नव्हती. सासूबाईंनी घरी येऊन ते स्वतः बघण्यापेक्षा मीच आधी सांगावं, म्हणून चपला घातल्या आणि बसस्टँडवर गेलो. किती दिवसांनी गेलो होतो. नव्या कंट्रोलरनं काचेमागून बघितलं, हात केला, खुर्ची पुढे ओढली. मी मान हलवूनच नाही म्हटलं. त्या खुर्चीत बसायला मला त्या दिवशी सवड नव्हती.

गाडी आली. सासूबाई पिशवी सांभाळत उतरल्या, मला बघून तिथेच थबकल्या. "काहो भाऊजी, घरी सगळं बराबर हाय न?"

मी सगळं सांगून टाकलं. फडकं, नळी, पाला, काही ठेवलं नाही. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "घरी चला आंधी." आणि पुढे चालू लागल्या. बसस्टँडपासून गल्लीपर्यंत मी त्यांची पिशवी घेऊन मागे मागे. असा मी साहेबांच्या मागेही कधी चाललो नव्हतो.

त्यांच्या दारात मी चाबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी कुलूप उघडलं आणि चाबी कमरेला खोचली. त्यांच्या मागोमाग अर्धी गल्ली अंगणात आली. त्यांनी बाही सारून हात ड्रममध्ये खोलवर घातला, मूठभर गहू काढला, एक दाणा दातांखाली धरला. बराच वेळ चावत राहिल्या. मग माझ्या बायकोला म्हणाल्या, "आज भिजला न हा?"

"आजच. अकरा-बारा वाजता."

"मंग तेरवाच्या सकाळी वाटाले येते." आणि माझ्याकडे वळून, "असं तोंड काऊन करून राह्यले, भाऊजी? कुरड्याचा गहू हाय. भिजवासच लागते त्याले!"

आधी माझी बायको हसली, आणि ती हसली म्हटल्यावर सगळ्याच हसत सुटल्या. माझा जीव भांड्यात पडला. मी पायरीवर बसून घेतलं.

पण एवढ्या गव्हाच्या कुरडया एका घरानं करून खायच्या म्हटल्या तर नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरतील. तिढा बायकोनंच सोडवला. प्रत्येकीनं आपापल्या घरी कुरडयांपुरता ओला गहू न्यायचा आणि तेवढाच कोरडा गहू सासूबाईंना आणून द्यायचा. नाहीतरी सगळ्याजणी पाणी आलं की गहू भिजवणारच होत्या. आता पाणीही आलं होतं आणि गहूही भिजला होता. संध्याकाळपर्यंत बायका पातेली घेऊन ये-जा करत होत्या. पातेल्याला पातेलं, शीग लावून. "हिचा गहू बारीक हाय", "तिच्यात खडे हायेत", अशी कुरकुर सासूबाई करत होत्या, पण घेत सगळ्यांचा होत्या. अंधार पडायच्या आत त्यांचा ड्रम पुसून, वाळवून, पुन्हा कोरड्या गव्हानं भरला होता.

पुढचे दोन दिवस सगळ्या गल्लीला आंबूस वास. तिसऱ्या दिवशी गहू वाटून, फडक्यातून पिळून त्याचा पांढरा चीक काढला आणि चौथ्या दिवशी पहाटेपासून चुली पेटल्या. चीक शिजताना सारखा घोटत राहावा लागतो, थांबलं की गुठळ्या होतात, आणि तो घट्ट होऊ लागला की दांडा हलवायला बळ लागतं. मला घरोघर बोलावणी. वर्षभर भरलेले हंडे उचलून माझ्या दंडांत ताकद आली होती, ती अशी कामाला लागली. चाचांनी दुकानातलं कोरं कापड आणून गच्च्यांवर अंथरून दिलं. "नवं हाय, गादीले लावाचंच होतं. आधी कुरड्या लोळू द्या," म्हणाले. ऊन चढायच्या आत सगळ्या गच्च्या पांढऱ्या कुरडयांनी भरून गेल्या.

सासूबाईंनी आमच्याकडे वाटीभर गरम चीक पाठवला, वर तेल-मीठ घालून. मी वाटीच्या बाजूला बघितलं. चाबी नव्हती.

बाकीच्या चाब्या खिळ्यांवर होत्या. कोणी काढून नेली नाही. पण त्यांचा एक खिळा रिकामा, आणि घड्याळात बघायला गेलं की नजर आधी त्या खिळ्यावर जायची. बायको म्हणाली, जाऊन मागा. मी म्हणालो, चाबी मागायची नसते, लोकांनी द्यायची असते. आठ दिवस गेले. त्याच्या पुढचेही दोन-तीन गेले. आज-उद्या पाणी येणार, असं सगळे म्हणू लागले. मी दाढी करत होतो आणि माझं मन कशातच नव्हतं.

एका सकाळी दारात सासूबाई उभ्या. नेसण चांगलं, हातात पिशवी. मागे सिस्टर.

"आमी दोघी उंद्रीले जाऊन राह्यलो, साखरपुडा हाय," म्हणाल्या. कमरेची चाबी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. "गव्हाच्या ड्रमावर मी रंगानं 'गहू' लिवलं. पान्याच्या ड्रमावर 'पानी' लिवलं. चश्मा लावून जाजा." मी चाबी घेतली. त्या ओट्यावरून उतरल्या आणि मग काही आठवल्यासारखं मागे वळल्या. "पन तुमी घरीच राहसान न?"

आत बायकोच्या हातातली भांडी वाजायची थांबली.

माझा घसा आपोआप साफ झाला. गाडी लागल्याचं सांगायचो, त्याच आवाजात मी म्हणालो, "हाव! घरीच आहो मी!"

गल्लीच्या तोंडाशी दुकान उघडत असलेल्या चाचांनी मान वर करून बघितलं.